कमरेला दोन बोटं सैल

मंगळवारी सकाळी बेरफीन खिदिरच्या दुकानात शिरली तेव्हा तो मशीनवर बसून एका जर्मन बाईंची पँट आखूड करत होता. बेरफीनच्या बगलेत पुठ्ठ्याचं पाकीट होतं. नवे फोटो आलेत हे खिदिरला वर न बघताच कळलं.

"किती?" त्याने विचारलं.

"सहा. शनिवारपर्यंत पट्टे लावून हवेत, मामा."

"तुला मामा फक्त पट्ट्यांपुरता आठवतो. लग्नाचा झगा शिवून घ्यायला कधी येणार?"

"येईन की, तुम्ही जिवंत आहात तोपर्यंत."

"म्हणजे मला बरंच जगावं लागणार," खिदिर म्हणाला आणि मशीन परत चालू केलं.

हॅनोव्हरच्या स्टेशनासमोर घोड्यावर बसलेल्या एका राजाचा पुतळा आहे. गावातले लोक एकमेकांना तिथेच भेटतात आणि सरळ सांगतात, 'शेपटीखाली ये.' दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी बाराला आमची, मुलूख सोडून इथे आसऱ्याला आलेली माणसंही त्याच शेपटीखाली उभी राहतात, गळ्यात फोटो अडकवून. ज्यांना तिकडे मुलखात सरकारच्या माणसांनी, कुणाला घरातून, कुणाला बसमधून उचलून नेलं आणि पुढे ना जिवंत दाखवलं ना मेलेलं, त्यांचे ते फोटो. एकेक नाव वाचलं जातं, आणि त्या नावाची आई, बायको, भाऊ, जे कुणी असेल ते दोन पावलं पुढे होऊन म्हणतं, 'इथंच आहे.' ज्याचं कुणीच उरलेलं नाही त्याचा फोटो एखादं परकं माणूस घेतं आणि तेच उत्तर देतं. नाव बिनउत्तराचं परत न्यायचं नाही, हा तेवीस वर्षांचा रिवाज. येणारे-जाणारे बघत जातात. एकदा एका जर्मन आजीबाईंनी विचारलं होतं, "हे सगळे निवडणुकीला उभे आहेत का?" बेरफीनने न हसता त्यांच्या हातात पत्रक दिलं. आजीबाईंनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि तेव्हापासून त्या दर वेळी केक घेऊन येतात. जनजागृती म्हणतात ती हीच असावी. तेवीस वर्षांत एक आजी आणि तिचा केक.

खिदिरला भाषण करता येत नाही. त्याचं जर्मन पँट आणि चेन यांच्या बाहेर फारसं जात नाही. पण अर्धा तास फोटो धरून म्हाताऱ्या बायकांचे हात भरून येतात, हे पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं होतं. मग त्याने फोटोला प्लास्टिकचं आवरण, भोवती कापडाची किनार आणि मानेला न कापणारा रुंद पट्टा असा प्रकार शोधून काढला. आता बर्लिनहूनसुद्धा मागणी येते. मानवी हक्कांसाठी काय केलंस असं कुणी विचारलं तर तो म्हणतो, किनार शिवली.

बेरफीन त्याच्या उलट. वय सत्तावीस, जन्म इथलाच, कायदा शिकलेली, संघटनेची चिटणीस. तिच्या यादीत नाव चढायचं तर दोन वेगळे पुरावे लागतात, मग रडणारी बाई समोर का बसलेली असेना. त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी यादीतला एक माणूस स्वीडनमध्ये पिझ्झाचं दुकान चालवताना सापडला. बायकोला कंटाळून पळाला होता. मुलखातल्या सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रांनी त्याचा पिझ्झासकट फोटो छापला, वर मथळा दिला की बघा ह्यांचे बेपत्ता. एका पिझ्झावाल्यापायी चारशे मेलेली माणसं खोटी ठरली. बेरफीनने तेव्हापासून यादीला कुलूपच घातलं.

"ह्यातल्या एकाचं कुणीच नाही," पाकीट टेबलावर ठेवत ती म्हणाली. "मुलखातल्या संस्थेने सगळीकडे विचारलं. गाव जळालेलं, घरचे कुठे गेले पत्ता नाही. पण पुरावे पक्के आहेत. त्याच्याबरोबर कोठडीत असलेले दोघे जण, वेगवेगळ्या गावचे, दोघांनी एकच सांगितलं. शनिवारी कुणाला तरी उभं करू."

ती गेली. खिदिरने चहा ओतला, साखरेचा खडा दातात धरला आणि फोटो एकेक करून टेबलावर मांडले. चार झाले. पाचव्याला त्याचा हात थांबला.

पाचवा फोटो त्याचाच होता.

अठराव्या वर्षीचा खिदिर. जाड मिशी, डोक्यावर केसांचं रान, आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेला इस्त्रीचा सदरा. फोटोच्या मागे बेरफीनच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: हिकमत अक्ताश, वडिलांचं नाव सुलेमान, गाव कानियारेश. एप्रिल १९९४ मध्ये आमेदच्या बस स्टँडवरून पांढऱ्या गाडीत घालून नेलं. फोटो ओळखपत्राच्या सरकारी नोंदीतून. खाली साक्ष होती. 'गुरुवारी एका तरुणाला आमच्या कोठडीत आणलं. नाव विचारलं की हिकमत सांगे. मारलं तरी हिकमतच. आम्हाला सारखं एकच विचारी, आज वार कुठला, रविवार उलटला का. सोमवारी पहाटे त्याला बाहेर नेलं.'

साखरेचा खडा विरघळून गेला तरी खिदिरने चहाचा घोट घेतला नव्हता.

हिकमत हा खरं तर त्याचा मोठा भाऊ. सहा महिन्यांचा होऊन गेला. तालुक्याची कचेरी खेचरावरून दीड दिवसाची वाट, त्यामुळे मूल गेलं हे कळवायला कोण जाणार? दोन वर्षांनी दुसरा मुलगा झाला तेव्हा बाप म्हणाला, सरकारचा कागद चांगला धडधाकट आहे, फुकट का घालवायचा? घरात त्याला खिदिर म्हणत, कागदावर तो हिकमत. आमच्याकडे अशी माणसं गावोगाव सापडतील, जी शाळेत मेलेल्या भावाच्या नावाने हजेरी देत मोठी झाली. मोठ्याचा सदरा धाकट्याला होतो तसं ते नाव त्याला झालं. फक्त मास्तर आणि शिपाई ह्यांच्यापुढे ते घालायचं, घरी आलं की उतरवायचं. गावात कुणाला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. एकट्या रेशोला होतं, कारण शाळेत तो शेजारी बसायचा.

रेशो म्हणजे झरीफेचा मुलगा. त्यांच्या आणि खिदिरच्या घरात एकच भिंत. फौजेने गाव जाळल्यावर दोघे आमेद शहरात आले आणि बंदी घातलेलं आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र शर्टाखाली लपवून दारोदार टाकू लागले. त्या हिवाळ्यात पेपर टाकणारी दोन पोरं भर रस्त्यात मारली गेली. मग कुणीतरी खिदिरसाठी ट्रकमध्ये एक जागा मिळवली. जागा एकच होती. त्या गुरुवारी बस स्टँडवर रेशो त्याला सोडायला आला. रेशोचं ओळखपत्र घराबरोबर जळालेलं, आणि त्या दिवसांत कार्ड नसलेला माणूस कोपऱ्याकोपऱ्यावर अडवला जाई. ट्रकवाल्याने बजावलं होतं की अंगावर कागदाचा कपटा नको. खिदिरने आपलं कार्ड काढून रेशोच्या खिशात सरकवलं.

"ठेव. मला आता ह्याचा काय उपयोग?"

रेशोने फोटो बघितला. "हे थोबाड घेऊन फिरू? मुली पळतील रे."

"मिशी तर सारखीच आहे."

"सीमा कधी ओलांडणार?"

"रविवारी."

"बरं. रविवार उलटला की मीही निघतो," रेशो म्हणाला. त्यानंतर खिदिरने त्याला पाहिला नाही.

जर्मनीत पोचल्यावर कचेरीतल्या माणसाने विचारलं, कागदपत्रं? खिदिर म्हणाला, कधी नव्हतीच. नाव? तेव्हा त्याने आईने ठेवलेलं नाव सांगितलं आणि पुढे आजोबांचं लावलं. सरकारी टेबलापुढे ते नाव जन्मात पहिल्यांदा लिहून घेतलं गेलं. त्याला इतका आनंद झाला की हिकमत कुठे राहिला ह्याचा विचारच त्याच्या मनात आला नाही. सगळे जिला दाये, म्हणजे आई, म्हणतात ती झरीफे सात वर्षांनी आपल्या मुलीकडे हॅनोव्हरला आली. तिला त्याने बस स्टँड सांगितला, ट्रक सांगितला, रविवारी सीमा ओलांडली तेही सांगितलं. कार्डाचं तेवढं राहून गेलं. लपवलं असं नाही. पण पहिल्या दिवशी जे राहिलं ते दहा वर्षांनी सांगायला गेलं की कबुलीजबाब होतो, म्हणून मग ते राहूनच गेलं.

त्या दिवशी जर्मन बाईंची पँट चार बोटं जास्त कापली गेली. बाई भल्या होत्या, उन्हाळ्यात घालीन म्हणाल्या.

संध्याकाळी जेवणाआधी खिदिरने फोटो बायकोपुढे ठेवला. गुलीझारने ओल्या हातानेच तो उचलला.

"हे कुठलं भूत?" ती हसली. "तेव्हा केस होते की तुला."

मग त्याने मागचं वाचून दाखवलं आणि तिचं हसू गेलं. ती खाली बसली.

"बेरफीनला सांग," ती म्हणाली. "जिवंत माणूस यादीत ठेवायचा नसतो. परत पिझ्झावाल्यासारखं होईल. आणि ह्या खेपेला पिझ्झावाला माझ्या घरातला असेल."

"सांगितलं तर ती नाव काढून टाकेल."

"काढायलाच हवं."

"नाव काढलं की रेशोही गेला. त्या दोघांनी हिकमतला बघितलं. रेशोला धरलेला बघणारं कुणी नाही. त्याच्यासाठी दोन पुरावे कुठून आणू? एकदा हरवलाच आहे, आता मी परत हरवू त्याला?"

"मग झरीफे दायेला सांग. आई आहे ती. तिला कळायला नको?"

"काय सांगू? की बावीस वर्षं तुझ्या मुलाचा सूट मी सैल करून देतोय, आणि तो माणूस..." खिदिरने फोटो उलटा ठेवला.

"मग गप्प बस."

"गप्प बसलो तर ती मरेपर्यंत दाराकडे बघत राहील."

"मग मला विचारतोस कशाला?" गुलीझार चिडली. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी काय करू त्याला?"

खिदिरने साक्षीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "रविवार का विचारत होता तो? मी पोचेपर्यंत हिकमतच राहायचं असं ठरवलं होतं का त्याने? म्हणजे मला शोधायला कुणी जाऊ नये म्हणून? का त्यालाही निघायचं होतं म्हणून दिवस मोजत होता? आणि त्यांना हवा कोण होता, तो का मी? पेपर तर दोघेही टाकायचो. त्याने 'मी रेशो' म्हटलं असतं तर सोडला असता, का लवकर मारला असता? माझं कार्ड नसतं तर तो वाचला असता का? मला काही कळत नाही, गुली. मी मेलोय का हरवलोय, तेही कळत नाही."

गुलीझारने त्याच्यापुढे भाकरी सरकवली. तिलाही कळत नव्हतं आणि कळल्यासारखं दाखवणाऱ्यातली ती नव्हती.

झरीफेच्या सुटाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. झरीफे दर महिन्याला शेपटीखाली येते, घरचे कुटिलक, म्हणजे खिमा भरलेले गोळे, डबाभर घेऊन येते, सगळ्यांना वाढते, पण तिच्या गळ्यात फोटो नसतो. पहिल्याच वर्षी कुणीतरी रेशोचा फोटो लावून देऊ का म्हणालं, तेव्हा तिने त्याला अशा शिव्या दिल्या की पुन्हा विषय निघाला नाही. "ज्या दिवशी फोटो गळ्यात घातला त्या दिवशी मीच त्याच्यावर माती लोटली," असं तिचं म्हणणं. तिच्या लेखी रेशो कुठल्यातरी देशात वेगळ्या नावाने राहत होता आणि आळशी होता म्हणून पत्र लिहीत नव्हता. जर्मनीतल्या पहिल्या थंडीत तिने सेलमध्ये त्याच्यासाठी एक काळा सूट घेतला. आल्या आल्या माणसाच्या अंगावर धड कपडे हवेत. दर चार-पाच वर्षांनी तो सूट घेऊन ती खिदिरकडे यायची आणि म्हणायची, वय वाढलं त्याचं, कमरेला दोन बोटं सैल कर. खिदिर करून द्यायचा. चार वेळा केला होता. सूट न घालताच लठ्ठ होत चालला होता, आणि खिदिर त्यावर मनातल्या मनात हसायचासुद्धा.

गुरुवारी दुपारी ती पाचव्यांदा आली.

"दुकान आहे का थडगं रे, खिदो? दिवा तरी लाव."

"डोळे दुखतायत, दाये."

"डोळे नाही, डोकं. बायकोशी भांडलास." तिने प्लास्टिकच्या पिशवीतून सूट काढला. पंच्याहत्तरी उलटली तरी तिचा आवाज खळ्यावरच्या बाईचा आहे. "पन्नाशी झाली आता त्याची. बापाच्या वळणावर गेला असेल तर पोट सुटलं असणार. दोन बोटं सैल कर."

खिदिरने पँट उलटी करून शिवण बघितली. चार वेळच्या उसवणीच्या खुणा एकाशेजारी एक दिसत होत्या.

"शिवणीत कापड उरलं नाही, दाये."

"मग मागे जोडकापडाची कळी घाल. तुला मी शिकवू? आणि आधी अंगात घालून दाखव. तुझ्याएवढाच असेल तो."

हेही नेहमीचंच होतं. पडद्यामागे जाऊन खिदिरने सूट चढवला आणि आरशापुढे येऊन उभा राहिला. पँट त्याला बरोबर झाली. एरवी झरीफे त्याच्याभोवती फेरी मारायची, खांद्यावर चापट मारायची, म्हणायची की कापड चांगलं निघालं. आज फेरी झाली नाही. त्याने वळून बघितलं तर ती टेबलाशी उभी होती. पाच फोटोंना पट्टे लागले होते आणि एक बिनपट्ट्याचा मोजायच्या टेपखाली पडला होता. तो तिच्या हातात होता.

तिने चष्मा चढवला. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग आरशात बघितलं, आरशातल्या खिदिरकडे, आणि परत फोटोकडे.

"हा कुणाचा?"

"कुणाचाच नाही," खिदिर म्हणाला.

"मागे काय लिहिलंय? वाच."

खिदिरला नाही म्हणता आलं असतं. चष्मा नाही, वेळ नाही, हजार सबबी होत्या. पण त्याने फोटो घेतला आणि वाचला, नाव, बाप, गाव, बस स्टँड, गुरुवार, रविवार, सोमवारची पहाट. एकही शब्द गाळला नाही. वाचताना त्याला वाटत होतं की हिला कळावं आणि मी सुटावं, आणि त्याच दमात वाटत होतं की देवा, हिला कळू नये. माणसाला एकाच वेळी दोन्ही कसं वाटू शकतं हे त्याला समजेना. रेशोचा सूट घालून तो स्वतःच्या फोटोमागची साक्ष रेशोच्या आईला वाचून दाखवत होता.

"हं," झरीफे म्हणाली.

तिने चष्मा काढून ओढणीला पुसला. बराच वेळ पुसला.

"पट्टा का नाही लावलास?"

"वेळ झाला नाही."

"लाव. शनिवारी ह्याला मी घेईन. माझा गळा रिकामाच असतो."

ती स्टुलावर बसून राहिली आणि खिदिरने तिच्यासमोर किनार शिवली. सुई दोनदा बोटात गेली. पट्टा झाल्यावर तिने फोटो कापडात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि उठली.

"सूट?" त्याने विचारलं.

"राहू दे इथेच. घाई नाही."

हिला कळलं का? शुक्रवारचा अख्खा दिवस खिदिर ह्या एका प्रश्नाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरला. कळलं असतं तर ओरडली नसती? ह्या बाईने आमेदच्या फौजदाराच्या अंगावर चप्पल भिरकावली होती. आणि कळलं नसेल तर आरशात का बघितलं? शेवटी त्याने ठरवलं की शनिवारी सुरुवात व्हायच्या आधी बेरफीनला बाजूला घेऊन सगळं सांगायचं. निदान म्हातारीला ते उत्तर द्यायला लागू नये. आईने आपल्याच मुलासाठी परकी बाई म्हणून उभं राहायचं, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

शनिवारी तो अर्धा तास आधी गेला. बेरफीन पोलिसाशी वाद घालत होती. परवानगीत भोंगा लिहिलेला होता, पोलिसाच्या कागदावर नव्हता. ट्रामच्या वाटेत कुणी उभं राहू नये, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. खिदिर दोनदा तिच्यापर्यंत गेला.

"मामा, नंतर," ती म्हणाली. "काहीही असलं तरी नंतर."

बारा वाजले. माणसं ओळीत उभी राहिली. केकवाल्या आजीबाई नेहमीच्या जागी, खांबापाशी. झरीफे पांढरी ओढणी घेऊन पुढच्या रांगेत होती आणि तिच्या गळ्यात अठरा वर्षांचा खिदिर मिशीतून जगाकडे बघत होता. तेवीस वर्षांत तिच्या गळ्यात फोटो पहिल्यांदाच दिसत होता. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. कुणीतरी कौतुकाने म्हणालंसुद्धा की बघा, बिचाऱ्या बेवारशाला दायेने जवळ केलं. खिदिर तिच्या मागे उभा राहिला.

जुनी नावं झाली, नवी सुरू झाली. एक इथंच आहे, दुसरा इथंच आहे. चार झाली.

"हिकमत अक्ताश," बेरफीनने वाचलं. "सुलेमानचा मुलगा. कानियारेश."

झरीफे दोन पावलं पुढे झाली.

"रेशो," ती म्हणाली. तिला भोंगा लागला नाही. "झरीफेचा मुलगा. कानियारेशचा. इथंच आहे."

बेरफीनने कागद बघितला. "दाये, ह्याचं नाव हिकमत आहे."

"तुझ्या कागदात असेल."

"पण दाये, फोटो..."

"फोटोतला माझा नाही. तो मागे उभा आहे, बघ, टक्कल पडलेला." झरीफे वळली. "सांग तिला, खिदो. मला कागदातलं समजत नाही."

चाळीस माणसं वळून बघू लागली. खिदिर पुढे आला. आपला आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला.

"हिकमत मी आहे," तो म्हणाला. "कार्ड माझं होतं. बस स्टँडवर मी ते रेशोला दिलं. त्याचं जळालं होतं म्हणून. मी इकडे आलो आणि तो... तो माझ्या नावावर धरला गेला."

बेरफीनच्या हातातला कागद खाली आला. ती कायदा शिकलेली मुलगी, तिच्या डोक्यात काय काय पळालं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पिझ्झावाला, मथळा, जिवंत निघालेला बेपत्ता, तोही संघटनेचाच शिंपी.

"मामा, हे मंगळवारी का नाही सांगितलंत?"

"मला माहीत नाही," खिदिर म्हणाला. ते अगदी खरं होतं.

"दोन पुरावे लागतात," ती जवळजवळ स्वतःशीच म्हणाली.

"एक मी."

"आणि एक मी," झरीफे म्हणाली. "हा इथं भेटला तेव्हा मला म्हणाला होता, गुरुवारी रेशोला बस स्टँडवर सोडलं आणि रविवारी सीमा ओलांडली. आता कोठडीतलं पोर विचारतंय रविवार उलटला का. दुसऱ्या कुणाला काय पडलंय रविवारचं? मला वाचता येत नाही, पण वार कळतात."

पोलिसाने घड्याळाकडे बघितलं. अजून एक नाव बाकी होतं. बेरफीनने खिशातून पेन काढलं, हिकमत खोडलं नाही, त्याच्यापुढे काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं आणि पुढचं नाव वाचलं. त्याचा भाऊ पुढे आला आणि म्हणाला, इथंच आहे.

नंतर नेहमीसारखा डबा उघडला गेला. झरीफेने प्रत्येकाला कुटिलक वाढले, पोलिसाला वाढले, केकवाल्या आजीबाईंना दोन वाढले. फोटो तिने गळ्यातून काढला नव्हता. खिदिर पुतळ्याच्या चौथऱ्याला टेकून उभा होता. ती सगळ्यांत शेवटी त्याच्याकडे आली.

"धर. गार होतायत."

"दाये, तो माझ्याऐवजी गेला."

"ते तुला माहीत नाही. मलाही नाही." ती त्याच्या शेजारी टेकली. "गुरुवारी तुझ्या दुकानातून गेले तेव्हापासून मला तू जिवंत असल्याचा राग येतोय. आणि मग वाटतं, तू नसतास तर हा फोटो मी कुणाचा म्हणून बघितला असता? हा असाच पडून राहिला असता, कुणाचाच नाही म्हणून. एकदा वाटतं तुझं तोंड बघू नये. एकदा वाटतं त्याने राखलेला तूच तेवढा तर उरला आहेस. मला काही उमगत नाही रे, खिदो. खा."

खिदिरने घास तोंडात घातला. समोरून ट्राम गेली आणि कुणीतरी मोबाइलवर ओरडत होतं की मी शेपटीखाली आहे, तू कुठे आहेस.

"तो सूट," झरीफे म्हणाली.

"हो, दाये."

"कळी घालू नकोस. आजवर सैल केलेलं सगळं परत आत घे. किती होईल?"

खिदिरने हिशोब केला. चार वेळा, दोन दोन बोटं.

"आठ बोटं."

"मग आठ घे," ती म्हणाली. "तेवीस वर्षांचा होता तो."